शब्द अडतो तेव्हा: वाचाघातानंतर पुन्हा बोलायला लागताना

मेंदूचा झटका येऊन गेला, धोका टळला, हातपाय थोडेफार हलू लागले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग लक्षात येतं की माणूस आपल्याला ओळखतो, हसतो, रागावतोही, पण पाणी हवंय एवढं त्याला सांगता येत नाही. "ते... ते हे... अगं ते..." यापुढे गाडी सरकत नाही. याला वाचाघात म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'अफेजिया' लिहिलेलं असेल. झटक्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला तो होतो. डोक्याला जबर मार, मेंदूतली गाठ किंवा मेंदूचा संसर्ग यांमुळेही होतो.

पुढचं सगळं त्या माणसासाठी आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांसाठी आहे. त्याला वाचायला जड जात असेल तर थोडं थोडं मोठ्याने वाचून दाखवा.

त्याआधी दोन गोष्टी. बोलणं आत्ता, अचानक बिघडलं असेल, तोंड एका बाजूला ओढलं असेल, एक हात लुळा पडला असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे "सकाळपर्यंत बघू" हे चालत नाही. दुसरं म्हणजे, झटका वगैरे काही नसताना महिनोन् महिने शब्द हळूहळू कमी होत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो. तिथे आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

नेमकं काय बिघडलंय ते बघा

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला बोलून म्हणून 'टॅन' एवढंच बोलता यायचं, इतकं की त्याचं टोपणनावच टॅन पडलं होतं. पण दुसऱ्यांचं बोलणं त्याला बरंचसं समजत होतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी उलट प्रकारचं वर्णन केलं: माणूस भराभरा बोलतो, सूर, चढउतार सगळं जागच्या जागी, पण शब्द भलतेच. शिवाय दुसऱ्याचं बोलणं त्याला नीट समजत नाही. या दोन प्रकारांना आजही ब्रोका आणि वेर्निके यांचीच नावं आहेत. प्रत्यक्षात मात्र बहुतेक माणसं कुठल्याच एका खोक्यात चपखल बसत नाहीत, तेव्हा नावावर फार वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो पुढच्या फरकावर. उच्चार अस्पष्ट येतात पण शब्द आणि वाक्य बरोबर असतं, तेव्हा अडचण जिभेच्या, ओठांच्या स्नायूंची असते. शब्द ठाऊक आहे, पण तोंड त्या आवाजासाठी कसं हलवायचं हेच जुळत नाही, प्रत्येक वेळी चूक वेगळी होते, तेव्हा अडचण हालचालींच्या आखणीची. शब्दच सापडत नाही, 'चमचा' म्हणायचं असताना 'वाटी' येतं, तेव्हा तो वाचाघात. अनेकदा तिन्ही थोडे थोडे एकत्र असतात आणि तिघांचे व्यायाम वेगळे असतात. म्हणून वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाची, म्हणजे स्पीच थेरपिस्टची, एक सविस्तर तपासणी व्हायलाच हवी. जीभ बाहेर काढण्याचे, गाल फुगवण्याचे व्यायाम निव्वळ वाचाघाताला उपयोगाचे नाहीत. तरी ते सर्रास करवून घेतले जातात.

घरचे हमखास एक गोष्ट करतात: "बोलता येत नाही ना, मग लिहून सांगा." भाषा जिथून येते तिथेच घोटाळा असल्यामुळे लिहिणंही बहुधा अडलेलंच असतं. मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून अक्षर दाखवायला सांगणं तर बऱ्याच जणांना त्याहून अवघड जातं. ऐकून समजणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टी कमीजास्त बिघडतात. कुठली त्यातल्या त्यात शाबूत आहे ते शोधा, सुरुवात तिथून.

बिघडत नाही ती अक्कल. गाव जागेवर असतं, रस्ता खचलेला असतो. हा माणूस अजूनही घराचे निर्णय घेऊ शकतो, फक्त त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो.

चष्मा आणि श्रवणयंत्र आधी लावलेलं असतं ते पुन्हा लावा. झटक्यानंतर काहींना उजव्या बाजूचं अर्धं दिसत नाही, अशा वेळी कागद आणि चित्रं डावीकडे धरा.

'हो' आणि 'नाही' पक्कं करा

शब्दांच्या मागे लागण्याआधी हे काम उरका, कारण औषध, दुखणं, संडास-लघवी सगळं यावर चालतं. सुरुवातीला अनेकांचं 'हो' आणि 'नाही' उलटसुलट होतं. मान होकारार्थी हलते आणि तोंडातून 'नाही' येतं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे प्रश्न विचारून अंदाज घ्या: "आपण आत्ता घरात आहोत का?" "बाहेर अंधार आहे का?" मग एकच खूण ठरवा. अंगठा वर-खाली, किंवा बरोबर-चूक अशा खुणांचं एक कार्ड. तीच सगळ्या घराने वापरायची.

प्रश्न सरळ ठेवा. "खिडकी उघडायची नाही ना?" याला 'हो' आलं तर काय समजायचं? धडधाकट माणसांचीही इथे गल्लत होते. "खिडकी उघडू?" बस्स. पर्याय द्यायचे तर दोनच आणि दोन्ही दाखवून: हा निळा शर्ट, हा पांढरा. नुसतं तोंडी विचारलं तर शेवटी ऐकलेला शब्दच पुन्हा म्हटला जातो आणि तुम्हाला वाटतं, पांढराच हवाय. महत्त्वाच्या बाबतीत क्रम उलटा करून पुन्हा एकदा विचारा.

घरच्यांनी आपली बोलण्याची पद्धत बदलायची

माझ्या मते सगळ्यात लवकर फरक इथेच दिसतो, कारण यासाठी मेंदू बरा होण्याची वाट बघावी लागत नाही. टोरंटोमधल्या स्पीच थेरपिस्ट ऑरा केगन यांनी सोबतच्या माणसांनाच प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजवली. तिचा गाभा दोन गोष्टींचा: "तुम्हाला कळतंय हे मला माहीत आहे" हे समोरच्याला जाणवू द्यायचं, आणि ते बाहेर यायला मदत करायची.

व्यवहारात ते असं. टीव्ही बंद. समोर बसायचं, चेहरा दिसेल असं. वाक्य छोटं, पण सूर मोठ्या माणसाशी बोलतानाचाच. सत्तरीच्या आजोबांना लहान बाळासारखं 'शाब्बास रे' म्हणू नका. आवाज चढवू नका, कान ठीक आहेत. विषय बदलताना सांगा: "आता दुसरं, डॉक्टरांबद्दल." मधला मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर सरकवा. एका वेळी एकानेच बोलायचं.

आणि थांबायचं. आपल्याला वाटतं तेवढं नाही, त्याच्या दुप्पट. शब्द शोधणाऱ्याच्या चेहऱ्यावर काम चाललेलं दिसतं. त्या वेळी तीन जण तीन शब्द सुचवू लागले की हाताशी आलेलाही निसटतो. "मी सांगू, की थांबू?" असं एकदा विचारून घ्या. काहींना मदत हवी असते, काहींना तिचा संताप येतो. दोन्ही रास्त आहे.

समजलं नाही तर समजल्यासारखी मान डोलावू नका, ते लगेच ओळखू येतं. "एवढं कळलं: बँक, आणि उद्या. पुढचं राहिलं," असं म्हणा. पाहुण्यांसमोर "हे काय आहे सांगा बरं" अशी परीक्षाही नको. सरावाची वेळ वेगळी, गप्पांची वेगळी. गप्पांमध्ये 'काल' ऐवजी 'उद्या' आलं आणि अर्थ लागला, तर दुरुस्त न करता पुढे चला.

यादी तुमची हवी

ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत वाचाघात झालेल्या २७८ जणांचा अभ्यास झाला, निकाल २०१९ मध्ये आले. त्यातल्या एका गटाने स्वतःच्या गरजेचे १०० शब्द निवडून संगणकावर घरी सराव केला. सरावलेले शब्द चांगले येऊ लागले. मात्र रोजचं संभाषण आपोआप सुधारलं नाही. घरी सराव करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. जो शब्द घोटाल तो येईल, शेजारचा आपोआप येईल असं धरून चालू नका. आणि आलेला शब्द बोलण्यात वापरायचं काम वेगळं करावं लागतं.

म्हणून हत्ती, विमान, अननस अशी चित्रं असलेला तयार संच घेऊन बसण्याआधी यादी करा. घरच्यांची नावं. औषध, चष्मा, किल्ली, फोन. दुखतंय, थांब, नको, बंद कर. ज्या विषयावर हा माणूस पूर्वी तासन् तास बोलायचा त्यातले शब्द, मग ते क्रिकेटचे असोत, शिवणकामाचे की शेअर बाजाराचे. हा शेवटचा गट घरचे विसरतात आणि उत्साह नेमका तिथूनच येतो. सुरुवातीला वीसेक शब्द पुरेत. प्रत्येकासाठी खरी वस्तू किंवा तिचा फोटो ठेवा. खरी वस्तू केव्हाही उत्तम.

एक शब्द, सावकाश

सराव कसा करायचा ते 'चष्मा' घेऊन बघू. मुलगी समोर बसली आहे, चष्मा टेबलावर आहे.

"बाबा, हे काय?"
"पे... पेपर."
"जवळ आलात. पेपरशी संबंध आहेच. याचं काम काय?"
बाबा डोळ्यांकडे बोट नेतात. "बघ... बघायला."
"बरोबर. कुठे लावतो?"
"नाक. कान."
"कशाचा असतो हा?"
"काच."
"वाचायला बसलं की नाकावर चढवायचा तो..."
"तो... च..."
"चष्..."
"चष्मा! चष्मा."

काम काय, कुठे असतो, कशाचा, दिसतो कसा, कशाची आठवण होते, असे प्रश्न विचारत शब्दाच्या भोवती फिरायचं. थेट रस्ता बंद असला तरी आजूबाजूच्या अर्थांतून वाट निघते. तरी नाही आला तर अर्धवट वाक्य द्यायचं, मग पहिला आवाज, मग पहिलं अक्षर लिहून, मग दोघांनी एकत्र म्हणायचं, आणि अगदी शेवटी तुम्ही म्हणून त्यांनी मागून म्हणायचं. आधार शक्य तेवढा कमी आणि एक एक पायरीने वाढता. शब्द आला की लगेच पुढच्याकडे पळू नका. दोनतीनदा म्हणवून घ्या, दोन शब्द दुसरे करा, परत याच्याकडे या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, या वेळी एक पायरी कमी आधार देऊन.

जोड्यांचाही आधार होतो: सुई आणि..., कुलूप आणि..., ऊन आणि... यांत दुसरा अर्धा कधी कधी आपसूक तोंडातून पडतो.

आधीचाच शब्द अडकून बसला आणि प्रत्येक वस्तूला 'चष्मा, चष्मा' येऊ लागलं, तर रेटू नका. वस्तू झाका, थोडा वेळ शांत बसा किंवा खिडकीबाहेर काय चाललंय ते बघा, मग वेगळ्याच प्रकारचा शब्द घ्या. "नाही हो, चष्मा नाही!" असं दहादा म्हटल्याने तोच आणखी घट्ट होतो.

याच प्रश्नांचा फायदा गप्पांतही होतो. "काच... नाक... वाचायला" एवढं आलं तरी ऐकणाऱ्याला कळलं आणि चष्मा हातात पडला. त्या घडीला बोलण्याचं काम झालं. माणसाने स्वतःहून असा वळसा घ्यायला शिकणं हे मला कुठल्याही एका शब्दापेक्षा मोठं वाटतं.

क्रियापदं विसरू नका

वस्तूंची नावं घोटून माणूस 'किल्ली, दार, मी' एवढ्यावर थांबतो, कारण वाक्य क्रियापदावर उभं राहतं. एक क्रियापद घ्या, समजा 'कापणे'. कोण कापतं, काय कापतं? शिंपी कापड, न्हावी केस, माळी फांद्या. तीन जोड्या झाल्या की एकीबद्दल विचारा: कुठे, कधी, कशाने? मग पूर्ण वाक्य. रोज एकदोन क्रियापदं पुष्कळ झाली.

गाणं येतं, मग बोलणं का नाही?

हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. आकडे, वार, पाठ प्रार्थना, गाण्याचं धृपद आणि शिव्या, हे सगळं जसंच्या तसं साठवलेलं असतं आणि बरेचदा शाबूत राहतं. कधी शिवी न दिलेल्या आजींच्या तोंडून शिवी आली तर मनाला लावून घेऊ नका, त्यांनाही घेऊ देऊ नका.

याचा उपयोग शिडीसारखा होतो. 'पाच' येत नसेल तर एकपासून मोजत जा आणि पाचवर थांबा. 'गुरुवार'ही तसाच. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये सूर-लयीवर आधारलेली उपचारपद्धती मांडली गेली: "पाणी दे" सारखं छोटं वाक्य दोनच सुरांत, लांबवून म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टेबलावर ठेका द्यायचा. पुढे सूर हळूहळू काढून टाकत साध्या बोलण्यावर यायचं. समज बरी आहे पण बोलणं फारच कमी आहे अशांना ती जास्त मानवते. नुसती गाणी म्हणत बसल्याने बोलणं येत नाही. मन मात्र हलकं होतं, आणि तेवढ्यासाठीही गावं.

नेहमीचे प्रसंग पाठ करा

फोनवर स्वतःची ओळख, दवाखान्यात काय होतंय ते सांगणं, नातवाला विचारायचे दोन प्रश्न. असा एक प्रसंग निवडून तीनचार वाक्यं लिहा, त्या माणसाच्या स्वतःच्या भाषेत, पुस्तकी नको. "हॅलो. मी बोलतोय. मला बोलायला वेळ लागतो. थांबा हं." फोनवर आवाज रेकॉर्ड करा, त्यासोबत म्हणा, मग एकट्याने म्हणा, मग खराच फोन लावा. याचा आत्मविश्वास दिसण्याजोगा असतो.

हात, कागद, फोन

हातवारे केले, चित्र काढलं तर बोलण्याची सवय जाईल, ही भीती खरी नाही. एक पद्धत अशी आहे की त्यात खेळणाऱ्यांच्या मध्ये आडपडदा ठेवून एकमेकांकडे चित्रांचे पत्ते मागायचे, हातवाऱ्यांना मनाई, फक्त बोलायचं. जर्मनीत २००१ साली ती मांडली गेली आणि तिचाही फायदा दिसला. पण फायदा मुख्यतः भरपूर सरावाचा की मनाईचा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मी म्हणेन, सरावाच्या वेळी बोलण्याचा आग्रह धरा, बाकी दिवसभर जे चालेल ते चालू द्या. खिशात एक कार्ड असावं: "मला वाचाघात आहे. मला समजतं. बोलायला वेळ लागतो." फोनमधले फोटो, नकाशा, कॅलेंडर ही फार कामाची साधनं आहेत. 'कुठे गेला होतात?' याचं उत्तर फोटोवर बोट ठेवून देता येतं.

किती आणि किती दिवस

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, हे खरं. "सहा महिन्यांनंतर काही होत नाही" हे खरं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत वाचाघाताला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ उलटलेले १५६ जण होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार घेतल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपिस्टकडे आणि बाकी दिवस काहीच नाही, हे अपुरं आहे. थेरपिस्टकडून घरचा अभ्यास मागून घ्या.

घरी मात्र एका बैठकीत वीस-तीस मिनिटं पुरेत, दिवसातून दोनतीनदा. झटक्यानंतरचा थकवा वेगळाच असतो. सकाळी दहा शब्द सांगणारा माणूस संध्याकाळी दोनही सांगू शकत नाही. तो आळस नाही, दिवस संपलेला असतो. कठीण सराव सकाळी ठेवा.

वाचा परत आणणारं सर्वमान्य औषध आजघडीला नाही. तशी गोळी, तेल किंवा यंत्र कुणी खात्रीने विकत असेल तर पैसे थेरपीसाठी राखून ठेवा.

दोन-तीन भाषा येणाऱ्यांच्या बहुधा सगळ्याच भाषांना धक्का बसतो, पण सारखाच बसेल असं नाही. कधी घरची भाषा आधी परतते, कधी नोकरीतली. जी येईल ती येऊ द्या. "गोंधळ होईल" म्हणून एक भाषा बंद करू नका. तपासणीच्या वेळी सगळ्या भाषा सांगा, नाहीतर फक्त एकीवरून निष्कर्ष निघतो.

मन

शब्द गेले की मित्र कमी होतात. येतात, बायकोशी बोलतात, चहा पिऊन जातात. झटक्यानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, आणि वाचाघात असलेल्याला ते सांगताही येत नाही. म्हणून झोप, भूक, सरावाला नकार, विनाकारण रडणं यावर नजर ठेवा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्यावर उपचार आहेत. मित्रांना एकेकटं बोलवा, आणि पत्ते, बुद्धिबळ, फिरणं असं काही करायला बोलवा, ज्यात बोलणं आलं तर आलं.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला, बोलणं जवळपास गेलं, उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, कविताही प्रसिद्ध होत राहिल्या. २०११ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांचं बोलणं पूर्ण परतलं नव्हतं.

नोंद ठेवा

रोजच्या रोज फरक दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा त्याच पाच मिनिटांच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड करा. विषयही तोच ठेवा, म्हणजे तुलना होते. यादीतला शब्द आधाराशिवाय तीन वेगवेगळ्या दिवशी आला की त्याच्यापुढे खूण करा आणि नवा शब्द घ्या. खूण झालेले शब्द फेकू नका. वापरात नसले तर ते पुन्हा निसटतात, तेव्हा आठवड्यातून एकदा सगळे फिरवून घ्या. ही रेकॉर्डिंग आणि ही वही पुढच्या भेटीला थेरपिस्टकडे घेऊन जा.